घरमालकांची निळी रेषा

आमच्या घरमालकांनी माझ्या एकाही पत्राला लेखी उत्तर दिले नाही. ते तळमजल्यावर राहत, मी वरच्या मजल्यावर. पत्र हातात द्यायचे तर एक जिना उतरणे पुरेसे होते. परंतु आमच्यात खोल्या रिकाम्या करण्याचा दावा चालू होता आणि दाव्यातल्या माणसाला कागद कसा पोचवायचा याचे काही नियम असतात, म्हणून मी प्रत्येक पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवीत असे. पोस्टमन अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या गल्लीत येई, खालच्या ओट्यावर मालकांची सही घेई, मान वर करून माझ्याकडे पाहून हसे आणि जाई. थोड्या वेळाने खालून खणखणीत आवाज येई, "पत्र मिळालं. उत्तर नाही." टाकीची गळती असो, जिन्यातला दिवा असो, की सामायिक गच्चीचा वापर असो, प्रत्येक विषयावर त्यांचे म्हणणे एवढेच असे.

ते गेले त्याला आता बराच काळ लोटला. पुण्यात मुलीच्या घरी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मुलीने दावा पुढे चालवला नाही. म्हणजे प्रतिवादी या नात्याने मी सुरक्षित झालो. वादी नसलेल्या दाव्यात सुरक्षित असणे किती निरर्थक असते हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच कळेल.

त्यांची आठवण परवा आली ती औषधाच्या एका दुकानात. एक गृहस्थ मान वाकडी करून उभे होते. मानेवर चांगले सुपारीएवढे गळू होते. काउंटरमागच्या माणसाने ते पाहण्याचेही कष्ट घेतले नाहीत. "दो दिन सुबह-शाम ले लो अंकल, सूख जाएगा," असे म्हणत त्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून पुढे सरकवली. मी तेथे काय बोललो ते येथे लिहीत नाही. जे लिहायचे ते योग्य त्या अधिकाऱ्यांना लिहिले आहे. घरी येताना मात्र मनात आले, मालक असते तर त्यांनी त्या गृहस्थांना मनगट धरून ओट्यावर बसवले असते आणि पहिला प्रश्न विचारला असता, "साखर आहे का?"

गळू हा त्यांचा छंद होता, असे म्हटले तर वाचकांना किळस येईल. परंतु दुसरा शब्द मला सापडत नाही. नोकरीत असताना ते आनंदनगरच्या एका रासायनिक कारखान्यात प्लांट सांभाळणारे अधिकारी होते. उन्हाळा लागला की त्या कारखान्यांत जाड कपड्यांत आणि रबरी बुटांत दिवस काढणाऱ्यांच्या काखेत, मांडीवर, पाठीवर गळवे उठतात. तेव्हापासून त्यांना ती सवय लागली असावी. निवृत्तीनंतर ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाल पाहत. कोणी पाय फाकून चालला की हाक ठरलेली.

"इकडे या. बसता येत नाही ना?"

"नाही हो काका, ते जरा..."

"जरा काय? जागा सांगा. आणि दाबलंत का ते आधी सांगा."

दाबले असेल तर ते खरोखर संतापत. त्यांच्या दृष्टीने गळू नखाने पिळणे, सुईने टोचणे, त्यावर चुना-गूळ थापणे किंवा बिब्बा लावणे हे सर्व एकाच वर्गातले गुन्हे होते. "प्रेशर असलेल्या भांड्याचं झाकण कोणी हाताने उघडतं का?" असे ते विचारीत. "थोडं बाहेर येतं, ते तुम्हाला दिसतं. बाकीचं आत जातं, ते डॉक्टरला दिसतं."

त्यांचा उपचार साधा होता आणि तो ते सोवळ्यातल्या स्वयंपाकासारखा पाळीत. एक अ‍ॅल्युमिनियमचे पातेले, जुन्या धोतराचे मऊ तुकडे, साबण. आधी हात धुवायचे. गरम पाण्यात तुकडा बुडवून पिळायचा, तो प्रथम आपल्या मनगटावर टेकवून पाहायचा, सोसवेल इतका ऊन असला तरच गळवावर धरायचा आणि शेजारी ठेवलेला चहा पार निवेपर्यंत तुकडे बदलत शेकत राहायचे. दिवसातून तीन-चार वेळा. मग स्वच्छ पट्टी, आणि पुन्हा हात धुवायचे. ज्याचा तुकडा त्याने घरी न्यायचा, उकळून वेगळ्या दोरीवर वाळवायचा. "टॉवेलसुद्धा वेगळा. नाहीतर आज तुमच्या पाठीवर, उद्या पोराच्या." आपण होऊन फुटले की पू हलक्या हाताने टिपायचा, पिळायचा मात्र तेव्हाही नाही. स्वतः त्यांनी कोणाचे गळू कधी फोडले नाही, कोणाला एक गोळीही दिली नाही.

या उपचाराच्या जोडीला एक वाक्य असे, आणि ते मान वर करून, माझ्या खिडकीच्या दिशेने म्हटले जाई. "गळू म्हणजे भाडेकरू. ढकलून काढायला गेलं की मूळ धरून बसतं. ऊब द्या, वेळ द्या, आपण होऊन निघतं." ओट्यावरची मंडळी हसत. दाव्याचा विषय प्रलंबित असताना प्रतिवादीचा असा जाहीर उल्लेख करणे अनुचित होते, हे मी त्यांना पत्राने कळवले होते. पत्र मिळाले, उत्तर नव्हते. आमची सौभाग्यवती चहा गाळता गाळता एवढेच म्हणाली, "मग तुम्हाला ऊब कधी देणार तेही विचारायचं ना पत्रात."

परंतु ज्या गोष्टीमुळे हे लिहावेसे वाटले ती पातेले नव्हे. ती निळी रेषा.

शेकून झाले की मालक खिशातले निळे बॉलपेन काढीत आणि गळवाभोवतीची लाली जेथे संपते तेथून, कातडीवर, एक बंद रेषा ओढीत. ओढण्यापूर्वी ते पेन हवेत धरून थांबत आणि म्हणत, "लाली या रेषेच्या बाहेर गेली की माझं ऐकायचं नाही, डॉक्टरचं ऐकायचं. त्याच दिवशी. कबूल?" समोरच्याने 'कबूल' हा शब्द तोंडाने उच्चारल्याखेरीज पेन टेकत नसे. नुसती मान हलवलेली चालत नसे. बायकांना ते घरच्या बाईच्या हातून रेषा काढायला सांगत, पण 'कबूल' स्वतः ऐकून घेत. रेषेशिवायची कारणेही ते प्रत्येकाला ऐकवीत. ताप आला, गळवापासून लाल रेघ वर चढायला लागली, ठणक्याने झोप येईना, आठवडाभर शेकूनही उतार पडेना, किंवा एक गेले की दुसरे हजर, तर ओट्यावर यायचे नाही, दवाखान्यात जायचे. तान्ही मुले, म्हातारी माणसे आणि साखरेचे रोगी यांना तर ते पहिल्याच दिवशी परत पाठवीत. "तुमच्यासाठी माझ्याकडे रेषा नाही," असे म्हणत.

मी आयुष्यभर रेषांविषयी पत्रे लिहीत आलो आहे. उल्हास नदीला निळी पूररेषा आहे. पाणी जेथवर येते तेथवर घर बांधू नये, एवढाच तिचा अर्थ. ती नकाशावर आहे, ठरावात आहे, आणि बदलापूरच्या बाजूला तिच्या आत लोक पाणी उपसत राहत आहेत. याविषयी मी जेथे जेथे विचारले तेथे मला सांगण्यात आले की रेषा आखण्यातच काही चूक झालेली असावी. रस्त्याची रेषा, गटाराची रेषा, गाड्या उभ्या करण्याची रेषा, सगळ्यांची गत तीच. अशा या आमच्या पट्ट्यात, कोणत्याही अधिनियमाचा आधार नसलेली, बॉलपेनने काढलेली एक रेषा मात्र लोक पाळीत होते. हे मला मान्य करावे लागे, आणि मान्य करताना माझा राग वाढे; कारण ती रेषा माझ्या प्रतिपक्षाची होती.

त्यांच्याविषयी आदर वाटला तो प्रसंग पडद्याच्या कापडाच्या एका व्यापाऱ्याचा. हे सिंधी गृहस्थ उल्हासनगरहून खास गाडी करून आले होते. वरच्या ओठावर, नाकपुडीच्या खाली, पुळी उठून टणक झाली होती आणि ओठ सुजून एका बाजूला ओढला गेला होता.

"साईं, छोटी सी फुंसी है," ते म्हणाले. "परवा भतीजे की शादी आहे. तुमचं नाव ऐकून आलो. शेक दो, फोड दो, जे काय करायचं ते करा."

मालकांनी पातेल्याला हातही लावला नाही. "फोडणारा मी नाही. आणि नाकापासून ओठापर्यंतचा भाग माझ्या हद्दीत येत नाही."

"हद्द? अरे, तुम क्या पुलिस स्टेशन हो?"

"तसंच समजा. इथली नस थेट डोक्यात जाते. डॉक्टरकडे जा, आत्ता."

"लग्न झाल्यावर जातो ना, साईं."

"मग लग्नात तुम्ही फोटोत असाल. हार घातलेल्या."

व्यापारी चिडले, हसले, परत चिडले. मालकांनी गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली त्यांची गाडी हात करून बोलावली, दार उघडले आणि चालकाला दवाखान्याचा रस्ता समजावून सांगितला. पुढे मिठाईचा डबा आला. तो आमच्याकडेही वर पोचवला गेला, दावा चालू असूनही. मला मिठाईशी कर्तव्य नव्हते. आपले अधिकारक्षेत्र कोठे संपते हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा माणूस मी सरकारी नोकरीच्या सबंध काळात पाहिला नव्हता.

आता त्यांच्या स्वतःच्या गळवाविषयी.

मे महिन्याचा पहिला आठवडा होता. मालक काही दिवस गळ्याभोवती पंचा गुंडाळून बसू लागले आणि हाक मारल्यावर नुसती मान न वळवता सबंध अंग वळवू लागले. आमच्या सौभाग्यवतीच्या हे आधी लक्षात आले. मी म्हणालो, आपल्याला काय करायचे आहे. दावा तेव्हा ऐन रंगात आला होता. लवकरच त्यांची उलटतपासणी होती. वरच्या दोन खोल्या मुलगी आणि तिच्या कुटुंबासाठी हव्या आहेत, ही त्यांची गरज खरी व प्रामाणिक आहे, हे त्यांना न्यायालयात शाबीत करायचे होते. ती गरज खोटी आहे असे माझे ठाम म्हणणे होते, कारण मुलगी पुण्यात स्थिरावलेली होती आणि सणावारालाही क्वचितच येत असे.

तारखेच्या दोन दिवस आधी, सकाळी, दारावर थाप पडली. मालक जिना चढून आले होते. दावा दाखल केल्यापासून त्यांनी आमचा उंबरठा ओलांडला नव्हता. हातात निळे बॉलपेन होते.

"वकीलसाहेब," ते म्हणाले. मी वकील नाही. ते मला चिडवण्यासाठी तसे म्हणत. "मानेच्या मागे आहे. मला दिसत नाही. रेषा काढायची आहे."

"ओट्यावर इतके लोक येतात. त्यांना सांगा."

"ते काका म्हणतात मला. त्यांना बरं दिसावं म्हणून लाली कमी सांगतील. तुम्ही माझ्या बाजूने एक शब्द खोटा बोलणार नाही."

मी त्यांना खिडकीपाशी बसवले आणि पंचा काढला. मी वैद्य नाही. पण जे दिसले ते एक गळू नव्हते. जांभळट सुजेवर अनेक तोंडे होती आणि भोवती लालभडक, तापलेली कातडी. मी म्हणालो, "रेषा कशाला? सरळ दवाखान्यात चला."

"रेषा काढा."

तेव्हा मी पेन हवेत धरले आणि थांबलो. "लाली बाहेर गेली तर तुमचे ऐकायचे नाही, डॉक्टरांचे ऐकायचे. त्याच दिवशी. कबूल?"

त्यांनी आरशात पाहावे तसे माझ्याकडे पाहिले. "माझीच अट मला?"

"तोंडाने म्हणा."

"कबूल."

मी रेषा काढली. सावकाश, लालीच्या काठाकाठाने, कोठेही सूट न देता. मोबाइलवर तिचे छायाचित्रही घेतले. आमच्या सौभाग्यवतीने त्यांना चहा दिला. चहा निवेपर्यंत शेकायचे असते, हे त्या दिवशी कोणालाच आठवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेलो. मालक पंखा बंद करून, अंगावर सतरंजी घेऊन ओट्यालगतच्या खोलीत बसले होते. मे महिन्यात त्यांना थंडी वाजत होती. पंचा बाजूला केला तर लाली रेषेच्या बाहेर खांद्याकडे उतरली होती. रेषा त्या लालीत बुडून गेली होती, पाण्यात कुंपण बुडावे तशी.

"ओलांडली," मी म्हणालो.

"नाही ओलांडली. तुम्ही रेषा आत काढली होती. काढतानाच चुकली."

वाचकहो, माझा राग सर्वश्रुत आहे. पण इतका राग मला क्वचित आला असेल. पूररेषेविषयी जे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते तेच वाक्य हा माणूस, ज्याच्या रेषेला मी मनातल्या मनात मान देत आलो होतो, स्वतःच्या मानेविषयी म्हणत होता. मी छायाचित्र पुढे केले. लाली आत, रेषा बाहेर, स्पष्ट.

"एकतर्फी पुरावा आहे," ते म्हणाले. दात वाजत होते.

"मालक, साखर आहे का तुम्हाला?"

ते शेजारच्या तांब्यातले पाणी प्याले. मग म्हणाले, "तपासलीच नाही. आमच्या हिची होती. ती गेली तेव्हापासून तपासली नाही. तहान फार लागते, एवढं कळतं."

"मग हे प्रत्येकाला विचारत होतात ते कशासाठी?"

"लोकांची निघाली तर लोक डॉक्टरकडे जातात. माझी निघाली की पोरगी मला घेऊन जाणार. बाबा एकटे राहू शकत नाहीत, हा एकच मुद्दा हवाय तिला. तिकडे लिफ्टने वर जायचं आणि खिडकीतून ढग बघायचे. ओटा नाही, ओळख नाही, कोणाची चाल बघायची?" सतरंजी घट्ट ओढून ते पुढे म्हणाले, "ती इकडे यावी म्हणून दावा घातला. वरच्या खोल्या मोकळ्या करून देतो, चल, म्हणालो. उद्या मी गैरहजर राहिलो तर दावा जाणार. तुम्ही जिंकाल. मग कशाला ती येईल?"

म्हणजे गरज खोटी नव्हती. मी इतकी वर्षे जी शाबीत होऊ नये म्हणून झटत होतो ती गरज माझ्यासमोर सतरंजी पांघरून कुडकुडत बसली होती. परंतु तो विचार करण्याची ती वेळ नव्हती.

"उद्या मी न्यायालयात जाणारच आहे," मी म्हणालो. "वादी रुग्णालयात आहेत, पुढची तारीख द्यावी, असे सांगतो."

"तुम्ही? माझ्या बाजूने?"

"तुमच्या बाजूने नाही. वस्तुस्थितीच्या बाजूने. आणि आता उठा. तुम्ही 'कबूल' म्हटले आहे. ते म्हणताना घरात साक्षीदारही होता."

"साक्षीदार तुमची बायको."

"ती माझ्या बाजूने कधी बोलल्याचे तुम्ही ऐकले आहे का?"

यावर ते हसले आणि हसताना मान हलल्याने कळवळले. मग भिंतीला हात लावून उठले. माझ्या कोणत्या मुद्द्याने ते उठले हे मला आजही निश्चित सांगता येत नाही. पण मला वाटते, त्या एका शब्दानेच. ज्या शब्दावर ते दुसऱ्यांना दवाखान्यात धाडीत आले, तो मोडला असता तर त्यांना पुन्हा ओट्यावर बसता आले नसते.

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पंचा बाजूला केला आणि पहिला प्रश्न विचारला, "ही रेषा कोणी काढली?"

"मी," मी म्हणालो.

"कधी?"

"काल सकाळी. छायाचित्र आहे."

"बरं झालं. किती वेगाने पसरतंय ते कळलं." मग बोटातल्या रक्तात साखर तपासून, मालकांकडे वळून त्या म्हणाल्या, "आजोबा, ही आतून एकमेकांना जोडलेली बरीच गळवं आहेत. हे शेकून जाणारं नव्हतंच. आणि साखर इतकी वाढलेली असताना घरी थांबायचं नसतं. अजून एक-दोन दिवस काढले असते तर विष रक्तात गेलं असतं." मालक मान खाली घालून ऐकत होते, वर करणे त्यांना शक्यही नव्हते. त्याच दिवशी भूल देऊन गळू उघडले, सलाईनमधून औषधे सुरू झाली. मी पुण्याला फोन केला. संध्याकाळी मुलगी आली.

दुसऱ्या दिवशी न्यायालयात मी सांगितल्याप्रमाणे सांगितले. माझे वकील माझ्याकडे असे पाहत होते की जणू मीच तापात आहे.

मुलगी त्या वेळी बरेच दिवस खाली राहिली. बापलेकीत रोज वाद होई, साखरेवरून, पुण्यावरून, पातेल्यावरून. शेवटी ती त्यांना घेऊन गेलीच, पण ते पुढे, जखम भरल्यावर, आणि ओट्यावर आणखी एक उन्हाळा काढून झाल्यावर. दावा चालूच होता. त्यांनी तो मागे घेतला नाही, मीही खोल्या सोडल्या नाहीत. आम्ही दोघेही तशी माणसे नव्हतो.

ते दवाखान्यातून घरी आले त्याच आठवड्यात गच्चीवरची टाकी पुन्हा गळू लागली. आजारी माणसाला पत्र पाठवावे की नाही, यावर मी विचार केला. न पाठवणे म्हणजे त्यांना आजारी मानणे झाले असते, आणि ते त्यांना आवडले नसते. मी रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. पोस्टमनने सही घेतली, तो वर पाहून हसला, आणि गेला. मी खिडकीशी उभा राहिलो.

"पत्र मिळालं," खालून आवाज आला.

पुढचे दोन शब्द मला पाठ होते. पण ते आले नाहीत. पातेल्यात पाणी ओतल्याचा आवाज झाला, कोणीतरी ओट्यावर येऊन बसले, त्याला हात धुवायला सांगितले गेले. मी खिडकीतून वळणार, एवढ्यात मालकांनी, मान वर करता येत नव्हती म्हणून समोरच्या भिंतीकडे पाहत, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हटले,

"रेषा बरोबर होती."